फ्रीआरटॉस घ्यावं की झेफिर?

दोन्ही मायक्रोकंट्रोलरसारख्या छोट्या चिपवर कामं वेळेत उरकणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस). माझा कौल आधीच सांगतो. चिप ठरलेली आहे, टास्क (सिस्टिम आळीपाळीने चालवते ती कामं) चार-पाच आहेत आणि मालाची तारीख डोक्यावर आहे, तर फ्रीआरटॉस. दोन वर्षांत चिप बदलायची शक्यता असेल किंवा ब्लूटूथ लागणार असेल, तर झेफिर.

वेळा पाळण्याच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. दोन्हीकडे जास्त प्राधान्याचं काम कमी प्राधान्याच्या कामाला बाजूला सारतं आणि दोन्हींच्या म्युटेक्समध्ये (एका वेळी एकाच कामाला आत सोडणाऱ्या कुलपात) प्राधान्याचा वारसा चालतो, म्हणजे कुलूप धरून बसलेल्या कामाला वाट पाहणाऱ्याचं वरचं प्राधान्य तात्पुरतं मिळतं. सेमाफोरमध्ये (कामांनी एकमेकांना इशारा द्यायच्या साधनात) चालत नाही, हे विसरू नका. १९९७ साली मंगळावर नासाचं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं ते त्यातल्या व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसच्या म्युटेक्समध्ये हाच वारसा बंद ठेवल्यामुळे.

खरा फरक गाभ्याबाहेर (कर्नलबाहेर) आहे. फ्रीआरटॉसचा गाभा मोजक्या सी फायलींचा. एसटीएम३२ चिपवर क्यूबएमएक्स या मांडणीच्या साधनात चार क्लिक केले की तो प्रोजेक्टमध्ये येतो. ईएसपी३२ चिपच्या आयडीएफ या विकास-संचात तर असतोच. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) मात्र चिपवाल्याचे, त्यामुळे चिप बदलली की तो थर नव्याने लिहायचा.

झेफिरमध्ये (लिनक्स फाउंडेशन, २०१६ पासून) ड्रायव्हर, नेटवर्किंग, ब्लूटूथ सगळं घरचं. बदल्यात वेस्ट (प्रोजेक्ट सांभाळणारं साधन), सीमेक (बिल्डचं साधन), केकॉन्फिग (काय चालू, काय बंद ते ठरवणारं) आणि डिव्हाइसट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) शिकल्याशिवाय साधा एलईडीसुद्धा मनासारखा लुकलुकत नाही. डिव्हाइसट्रीत एखादा नोड (एका उपकरणाची नोंद) चालू करायचा राहिला, की लिंकर (कोडाचे तुकडे जोडणारं साधन) कुठल्याशा क्रमांकाच्या नावाने ओरडतो आणि नवख्याचा दिवस जातो. केकॉन्फिग आवडणारी माणसं मला अजून भेटायची आहेत.

एकातून दुसऱ्यात कोड नेताना प्राधान्याचे आकडे तपासा. फ्रीआरटॉसमध्ये मोठा आकडा वरचढ, झेफिरमध्ये लहान. झेफिरमध्ये त्यातही ऋण आकड्याच्या थ्रेडला (झेफिर टास्कला थ्रेड म्हणतं) दुसरा थ्रेड मधेच हटवू शकत नाही. इंटरप्टमधून (हार्डवेअरने मधेच मारलेल्या हाकेतून) निरोप पाठवताना फ्रीआरटॉसला ‘फ्रॉमआयएसआर’ शेपटीची वेगळी फंक्शनं लागतात. झेफिरमध्ये नेहमीचंच फंक्शन, फक्त थांबायची मुदत शून्य.

परवाना फ्रीआरटॉसचा एमआयटी, झेफिरचा अपाची २.०, रॉयल्टी कुठेच नाही. टास्क कधी धावले ते पाहायला सेगर कंपनीचं सिस्टमव्ह्यू हे साधन दोन्हींना चालतं. झेफिर चाखून पाहायला बोर्डही लागत नाही, क्यूईएमयू या संगणकावर चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर उदाहरणं चालतात. तिथे मोजलेले मायक्रोसेकंद मात्र खरे धरू नका.