बिल्ड सर्व्हरच्या हाती कोणती चावी द्यावी? डिप्लॉय की, मशीन यूझर, टोकन आणि अ‍ॅप यांची तुलना

लातूर, नांदेड, परभणीकडच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोड आणून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवणारं मशीन, बहुतेक वेळा कोपऱ्यातला एक जुना डेस्कटॉप असतो. त्यावर उबंटू, उबंटूवर जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारा प्रोग्राम), टेबलाखाली यूपीएस. कोड गिटहबवर, नाहीतर गिटलॅबवर, प्रायव्हेट रेपोत (रेपॉझिटरी, म्हणजे कोडचं कोठार). गिऱ्हाईक कुणी डाळमिलवाला, कुणी आडत्या, एखादी पतसंस्था. सगळं सुरळीत चालू असतं आणि मग एका सकाळी पोरगं येऊन सांगतं, "सर, बिल्ड होईना गेलंय. काल तर चालायलं होतं की." लॉगच्या शेवटी एकच ओळ असते: परमिशन डिनाइड, पब्लिककी.

ही ओळ दिसली की बहुतेक जण नवी एसएसएच चावी (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना ओळख पटवणारी, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा दोन भागांची जोडी) बनवून चिकटवतात आणि पुढच्या वेळेपर्यंत विसरून जातात. त्यापेक्षा जेनकिन्स रेपोपर्यंत कुणाच्या नावावर जाणार, हे एकदाच नीट ठरवलेलं बरं. रस्ते चार आहेत. पाचवा सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून त्याचा निकाल आधी लावू.

पाचवा रस्ता म्हणजे ज्यानं जेनकिन्स बसवलं त्यानं स्वतःच्या खात्याचीच चावी तिथं टाकून देणं. पाच मिनिटांचं काम, आणि चालतंही मस्त. पण आपल्याकडची पोरं दोन वर्षं काम शिकतात आणि दिवाळी झाली की हिंजवडीला जातात. जावंच त्यांनी. तो गेला की आपण त्याला ऑर्गनायझेशनमधून काढतो आणि बिल्ड बंद पडतं. गंमत म्हणजे अशा वेळी परमिशन डिनाइड येतच नाही. चावी त्याच्या खात्यावर जिवंतच असते, त्यामुळे गिटहब तिला ओळखतं, पण वर सांगतं की रेपॉझिटरी सापडली नाही. लोक मग रेपोचा पत्ता तपासत बसतात. आणि तो ऑफिसात होता तोवर जेनकिन्सला त्याच्या घरच्या प्रोजेक्टपासून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कोडपर्यंत सगळं उघडं होतं, ते वेगळंच. हा रस्ता बाद.

आता उरलेले चार.

डिप्लॉय की म्हणजे चावीचा पब्लिक भाग खात्यात न टाकता थेट एका रेपोच्या सेटिंगमध्ये टाकायचा. गिटहबवर ती मुळात फक्त वाचण्यापुरती असते. लिहिण्याचा अधिकार हवा तर वेगळी टिक करावी लागते. तिला मुदत नाही, आणि ती कुणा माणसाशी बांधलेली नाही. ज्यानं टाकली तो गेला तरी ती चालू राहते. बिटबकेटवर हिलाच अ‍ॅक्सेस की म्हणतात आणि ती फक्त वाचते.

मशीन यूझर म्हणजे माणसासाठी नाही, यंत्रासाठी उघडलेलं वेगळं खातं. गिटहबच्या नियमात एका माणसाला आपल्या मोफत खात्याशिवाय असं एक मोफत मशीन खातं चालतं. त्याला हव्या तेवढ्या रेपोंमध्ये घ्यायचं आणि एकच चावी ठेवायची. पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये मात्र हे खातं एक सीट, म्हणजे पैसे लागणारी एक जागा, खातं.

टोकन म्हणजे एसएसएच सोडून एचटीटीपीएसनं जाणं. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी पासवर्ड बंद केला, तेव्हापासून पासवर्डच्या जागी टोकन द्यावं लागतं.

गिटहब अ‍ॅप हा चौथा, फक्त गिटहबपुरता. अ‍ॅपची एक प्रायव्हेट की जेनकिन्सकडे राहते. तिच्यावरून तो दर वेळी नवं टोकन मागून घेतो, आणि ते टोकन एका तासात मरतं. सीट लागत नाही, माणूस लागत नाही. सुरक्षेच्या हिशेबानं चारांत हाच सरस. पण हातात पडलेली फाइल जेनकिन्सला जशीच्या तशी चालत नाही, ओपनएसएसएलनं ती पीकेसीएस-८ साच्यात बदलून घ्यावी लागते. पहिल्यांदा बसवणारे इथंच अडकतात.

कागदावर चारही बरे आहेत. खरा फरक काही बिघडलं की कळतो, म्हणून तुलना तिथंच करू.

बिघाड झाल्यावर कोण काय सांगतं

एसएसएच वापरणारे दोन रस्ते, डिप्लॉय की आणि मशीन यूझर, इथं बरेच पुढे आहेत. एसएसएच कुठल्या पायरीवर अडलं ते स्पष्ट बोलतं. कनेक्शन टाइम आउट झालं तर गाडी दारापर्यंतच पोचली नाही, म्हणजे नेटवर्क बघा. होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड आलं तर समोरच्याची ओळख पटली नाही. परमिशन डिनाइड म्हणजे समोरच्याला आपली ओळख पटली नाही. आणि रेपॉझिटरी नॉट फाउंड म्हणजे ओळख पटली, पण या रेपोवर हक्क नाही, किंवा नावच चुकलंय. चार ओळी आणि चार वेगळी दुखणी. टोकनचं तसं नाही. टोकन संपलं, अर्धंच कॉपी झालं, की अधिकार कमी पडले, हे नुसत्या लॉगवरून सहसा उमगत नाही. वेबसाइटवर जाऊन तारीख आणि हक्क बघावे लागतात.

तपासणीची एक कमांड हाताशी ठेवा: सुडो लावून जेनकिन्स यूझरच्या नावानं एसएसएच, पुढे डॅश आणि मोठा टी, पुढे गिट अ‍ॅट गिटहब डॉट कॉम. स्वतःच्या लॉगिनवरून हीच कमांड चालवून "माझ्याकडं तर चालतंय" म्हणण्यात अर्थ नाही, कारण जेनकिन्स हा लिनक्सवरचा वेगळा यूझर आहे. त्याचं घर सहसा व्हार-लिबमधल्या जेनकिन्स फोल्डरमध्ये असतं आणि तुमच्या घरातली चावी त्याला दिसत नाही. उत्तरातल्या नमस्कारात नाव काय येतं ते बघा. मशीन यूझरची चावी असेल तर खात्याचं नाव येतं. डिप्लॉय की असेल तर थेट रेपोचं नाव येतं. भलत्याच रेपोचं नाव आलं तर चावी चुकीची लागली, शोध तिथंच संपला.

एक खोच आहे. चावी जेनकिन्सच्या क्रेडेन्शियलमध्ये (चाव्या-पासवर्ड साठवायच्या जागेत) ठेवली असेल तर बिल्डच्या वेळी गिट प्लगइन ती एका तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवून वापरतो. डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे हातानं केलेली तपासणी पास आणि बिल्ड नापास, असं होऊ शकतं. तेव्हा दोन्हीकडे एकच चावी आहे ना, हे आधी फिंगरप्रिंटवरून (चावीच्या छोट्या ओळखखुणेवरून) जुळवा. एसएसएच-कीजेन फाइलचा फिंगरप्रिंट दाखवतं आणि गिटहबच्या सेटिंगमध्येही तो दिसतो. एसएसएचला डॅश व्ही जोडलं की कुठली चावी पुढे केली आणि सर्व्हरनं ती घेतली का, हेही ओळीनं दिसतं.

चिकटवताना होणारा घोळ चारांपैकी एसएसएचवाल्यांच्याच वाट्याला जास्त येतो. आपल्याकडे फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडते आणि तिथून जेनकिन्सच्या चौकटीत जाते. या प्रवासात शेवटची रिकामी ओळ गळते, किंवा ओळींच्या शेवटी विंडोजची खूण बसते, आणि मग लॉगमध्ये इनव्हॅलिड फॉरमॅट किंवा एरर इन लिबक्रिप्टो असं काहीतरी येतं. चावी बरोबर असते, फाइल बिघडलेली असते. मुळात प्रायव्हेट की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच नसते. चावी सर्व्हरवरच बनवा आणि डॉट-पब फाइल तेवढी बाहेर काढा. फाइल हातानं ठेवली असेल तर परवानगी ६०० आणि फोल्डरची ७००, नाहीतर एसएसएच चावी उघडी पडलीय म्हणून ती घ्यायलाच नकार देतं.

नवी चावी बनवताना ईडी२५५१९ प्रकारची बनवा. जुन्या आरएसए चाव्यांची शाहा-१ सही ओपनएसएसएच ८.८ नं २०२१ मध्ये बंद केली आणि गिटहबनंही २०२२ मध्ये तिला मर्यादा घातल्या. "सर्व्हर अपडेट केला आणि बिल्ड बंद पडलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

होस्ट कीचा, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या ओळखीच्या चावीचा, प्रकार त्याहून वेगळा. २४ मार्च २०२३ ला गिटहबनं आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा प्रायव्हेट भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत दिसला होता. ज्या सर्व्हरांनी ती जुनी की लक्षात ठेवली होती, ते एका दिवसात अडले. टोकन आणि अ‍ॅपवाले एचटीटीपीएसवर असल्यानं त्यांना कळलंही नाही. इथं एसएसएच मागे पडतं, मान्य. पण म्हणून होस्ट तपासणीच बंद करून टाकायची, हा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो करू नका. गिटहबनं होस्ट की जाहीर केलेल्या आहेत. त्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये (ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीत) घाला, आणि जेनकिन्सच्या सिक्युरिटी पानावर गिटच्या होस्ट की तपासणीची सेटिंग एकदा बघून ठेवा.

रेपो वाढल्या की

एका रेपोला डिप्लॉय कीसारखं सुख नाही. पण गिटहबवर तीच की दुसऱ्या रेपोला लावायला गेलात तर "ही आधीच वापरात आहे" असं उत्तर येतं. म्हणजे दर रेपोला नवी चावी. गिटहबसाठी एसएसएचला सात-आठ चाव्या नोंदवून दिल्या की तो त्या ओळीनं पुढे करतो, गिटहब ओळखीची पहिली चावी घेतं, आणि ती दुसऱ्याच रेपोची निघाली की रेपॉझिटरी नॉट फाउंड. उपाय आहे: कॉन्फिग फाइलमध्ये दर रेपोला वेगळं टोपणनाव आणि आयडेंटिटीज-ओन्ली यस. किंवा जेनकिन्सच्या दर जॉबला वेगळं क्रेडेन्शियल. पण सबमॉड्यूल, म्हणजे रेपोच्या आत जोडलेली दुसरी रेपो, आलं की हेही गडबडतं. जेनकिन्समध्ये सबमॉड्यूलसाठी मूळ रेपोचंच क्रेडेन्शियल वापरायची सोय आहे, पण डिप्लॉय की दुसऱ्या रेपोत चालणारच नाही. सबमॉड्यूल वापरत असाल तर गिटहबवर डिप्लॉय कीचा नाद सोडा.

गिटलॅबवर ही अडचण निम्मी होते, कारण तिथं एकच डिप्लॉय की अनेक प्रोजेक्टांना लावता येते. गिटलॅबवर असाल तर मशीन यूझरचा विचारही करायची गरज सहसा पडत नाही.

लाइट गेली की

हा मुद्दा पुण्या-बेंगळुरूत बसून लिहिलेल्या लेखांत सापडत नाही. मे महिन्यात दुपारभर लाइट नसते, यूपीएस हात टेकतो, जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल कधीच मेलेला असतो. लाइट येते, मशीन चालू होतं आणि घड्याळ मागे राहतं. इंटरनेटवरून वेळ घ्यायला राउटर सावकाश उठतो, त्याच्या आधीच रांगेतलं बिल्ड सुरू होतं.

अ‍ॅपचा टोकन मागण्याचा अर्ज फार तर दहा मिनिटांच्या मुदतीचा असतो. घड्याळ अर्धा तास मागे असलं तर अर्ज पोचायच्या आधीच तो संपलेला, मग नकार. टोकनवाल्यांचं अर्ध्या तासानं काही बिघडत नाही, पण घड्याळ काही महिने किंवा वर्षं मागे गेलं तर एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट "अजून लागू नाही" म्हणून अडतं. साध्या एसएसएच चावीला मात्र तारीखवार काही कळत नाही, ती बिनबोभाट चालते. उपाय दोन पैशांचा आहे: सीआर२०३२ सेल बदला, आणि वेळ जुळल्यावरच जेनकिन्स सुरू होईल असं सिस्टिमडीला (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेला) सांगा. एवढं करणार नसाल तर अ‍ॅपच्या वाटेला जाऊ नका.

पोर्ट २२ बंद असेल तर

कॉलेजच्या नेटवर्कवर किंवा दुसऱ्याच्या इमारतीत बसला असाल तर एसएसएचचं पोर्ट २२ बंद असू शकतं. टाइम आउट येतो. लगेच टोकनकडे पळू नका. गिटहब, गिटलॅब आणि बिटबकेट तिघेही ४४३ वरून एसएसएच देतात. गिटहबसाठी होस्टचं नाव एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम, बाकी दोघांचं ऑल्टएसएसएचनं सुरू होणारं. नवं नाव म्हणजे नोन-होस्ट्समध्ये नवी नोंद, हे विसरायचं नाही. प्रॉक्सी आत डोकावून बघणारी असेल तर हेही अडतं, आणि तेव्हा टोकनला पर्याय नाही.

टोकन घ्यायचंच तर संपण्याची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. गिटलॅब डॉट कॉमवर २०२३ पासून मुदत सक्तीची आहे. शिवाय गिटहबचं वैयक्तिक टोकन शेवटी कुणातरी माणसाचंच असतं, म्हणजे हिंजवडीचा प्रश्न परत दारात. गिटलॅबचं प्रोजेक्ट टोकन त्यातून सुटतं.

मग घ्यायचं काय

गिटहबवर दोन-चार रेपो, सबमॉड्यूल नाहीत: डिप्लॉय की, फक्त वाचण्यापुरती. जेनकिन्सला टॅग (आवृत्तीच्या खुणा) ढकलायचे असतील तर लिहिण्याची टिक करायच्या आधी दोनदा विचार करा, कारण त्या चावीचे अधिकार बरेच मोठे असतात. रेपो वाढल्यात आणि ऑफिसात अ‍ॅपची सेटिंग समजून घेणारा एक जण तरी टिकून आहे: अ‍ॅप. तसा कुणी नाही: मशीन यूझर. मालकाला गिटमधलं काही कळत नसेल तर मी अजूनही मशीन यूझरच सुचवतो, कारण खातं, ईमेल आणि पासवर्ड या तीन गोष्टी त्याला समजतात. ते ईमेल ऑफिसच्या डोमेनचं हवं, कुणाच्या खाजगी जीमेलचं नको. टू-फॅक्टरचे रिकव्हरी कोड छापून जीएसटीच्या फायलींच्या कपाटात ठेवा. टू-फॅक्टरचे कोड देणारं अ‍ॅप, सोडून गेलेल्या पोराच्या फोनवर असेल तर खातं असून नसल्यासारखं.

बदल करताना जुनी चावी आधी काढू नका. नवी टाका, जेनकिन्सच्या नावानं नमस्कार येतोय का बघा, एक बिल्ड पूर्ण होऊ द्या, मग जुनी काढा. आणि चावीच्या शीर्षकात "टेस्ट" किंवा "न्यू की" लिहू नका. मशीनचं नाव, गाव आणि वर्ष लिहा: जेनकिन्स-लातूर, पुढे साल.