केबल काढायची की ठेवायची? पुण्यातल्या दोन घरांचा हिशेब

गेल्या वर्षी आम्ही नारायण पेठेतल्या आई-बाबांच्या घरातली केबल बंद केली आणि अकरा दिवसांत पुन्हा जोडून घेतली. आमच्या वारज्यातल्या घरात मात्र केबल काढून तीन वर्षं झाली, तरी कुणाला तिची आठवणसुद्धा येत नाही. म्हणून ‘आता ओटीटी आलं, टीव्ही संपला का?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या घरात संध्याकाळी रिमोट कुणाच्या हातात असतो?

त्या अकरा दिवसांचं सांगते. आईच्या रिमोटवरचे आकडे केव्हाच पुसले गेलेत, पण तिचं बोट बरोबर जागेवर पडतं. रिमोटच्या पाठीला बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली आहे. तिच्यावर सहा चॅनेलचे नंबर आहेत, बास. आम्ही तिथे नवा स्मार्ट टीव्ही लावला, वायफाय घेतलं, ॲप टाकून दिली. पहिल्याच संध्याकाळी तिचा फोन आला, “अगं, हे विचारतंय कोण बघतंय म्हणून. काय दाबू?” चौथ्या-पाचव्या दिवशी ॲप आपोआप लॉगआउट झालं. ओटीपी माझ्या फोनवर आला आणि मी हिंजवडीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. रात्री मी तिला समजावलं, की एपिसोड कुठे जात नाही, उद्या दुपारी निवांत बघ. त्यावर ती म्हणाली, “उद्या दुपारी बघून काय करू? सकाळी जिन्यात काकू भेटतात तेव्हा बोलायचं असतं.”

हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हताच. ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी एकदम बघायची सोय म्हणजे चॅनेल. सिग्नल कुठल्या तारेतून येतो हा निराळा प्रश्न आहे आणि तो बदल पुण्याने आधीही पाहिलाय. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे मुंबई दूरदर्शन इथे दिसायला लागलं, तेव्हा गच्चीवर अँटेना होत्या. नव्वदच्या दशकात केबल आली, मग डिशची छत्री आली. दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपकही टप्प्याटप्प्याने बंद केले. वाट प्रत्येक वेळी बदलली, बातम्या आणि मालिका तशाच घरात येत राहिल्या. आता ती वाट इंटरनेटकडे वळतेय, यात मला शंका नाही. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार पैसे भरून डिश बघणारे २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते सहा कोटींहून कमी होते. अमेरिकेत तर मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून, बघण्याचा वेळ साध्या वाहिन्या आणि केबल यांच्या एकत्र वेळेपेक्षा पहिल्यांदाच जास्त भरला. आपल्याकडे इतकं लवकर होईल असं मला वाटत नाही, कारण आपल्याकडे एका टीव्हीसमोर अजून चार माणसं बसतात.

आता पैसे. आई-बाबांचं केबलचं बिल महिन्याला साडेतीनशेच्या आसपास येतं, त्यात मराठी पॅक आणि थोडे हिंदी चॅनेल. आमचं फायबरचं बिल ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. ‘नेट तर हवंच असतं, मग टीव्ही फुकटच पडला’ असं म्हणणाऱ्यांनी ॲपचे पैसे धरलेले नसतात. ॲमेझॉन प्राइमचे वर्षाला १,४९९ आणि जून २०२५ पासून त्यातही जाहिराती. त्या नको असतील तर महिन्याला आणखी १२९. जाहिरातींना कंटाळून केबल सोडणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मराठी मालिका बघणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. केबलच्या एका पॅकमध्ये शेजारी शेजारी असणारे हे चॅनेल इथे तीन दुकानांत विकायला आहेत. घरात तिन्हीकडच्या मालिका चालत असतील तर तीन ॲप, तीन पासवर्ड आणि तीन वेळा नूतनीकरणाच्या तारखा. एकाच वाहिनीवर मन असेल तर मात्र ॲप स्वस्त पडतं, शिवाय झी५ वर पैसे भरणाऱ्यांना एपिसोड टीव्हीच्या आधी बघता येतो.

महिन्याचं काहीच द्यायचं नसेल तर डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचे दीड-दोन हजार एकदा घातले की झालं. सह्याद्री मिळते. खासगी चॅनेलच्या जागा लिलावाने जातात, त्यामुळे यादी बदलत राहते. छत्री लावण्याआधी आपली मालिका त्यात आहे का, ते शेजारच्या एखाद्या बॉक्सवर बघून घ्या.

क्रिकेटसाठीही फ्री डिशचा विचार करण्यासारखा आहे. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल हक्क घेतलेल्या वाहिनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावा लागतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबलवर नाही. आयपीएलचं गणित निराळं. २०२२ च्या जूनमध्ये पाच हंगामांचे हक्क विकले गेले तेव्हा टीव्हीसाठी २३,५७५ कोटी आणि डिजिटलसाठी २०,५०० कोटी मोजले गेले. मोबाइलचा पडदा टीव्हीच्या इतका जवळ आल्याचं मला तेव्हा खऱ्या अर्थाने जाणवलं. तरी शेवटच्या षटकाला मी आई-बाबांकडेच जाते. केबलचा काय, डिशचा काय, सिग्नल सगळ्यांना एकदम येतो. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे छोटे तुकडे करून ते प्रत्येक घराला वेगळे पाठवतात, थोडे साठवतात आणि मग दाखवतात. त्यामुळे ते काही सेकंद मागे राहतं. वारज्यात समोरच्या इमारतीतून ओरडा ऐकू येतो आणि आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत येत असतो. सगळी मजा जाते हो.

पावसाळ्यात डिश दगा देते. सिंहगड रोडकडून काळा ढग येऊन धो धो कोसळायला लागला की छत्रीचा सिग्नल जातो. जमिनीखालून आलेल्या फायबरला पावसाचं काही नाही, पण रस्ता खोदणाऱ्यांचं आहे. एकदा आमचं नेट असंच पाच दिवस बंद होतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर टीव्ही आणि राउटर दोन्ही बंद, तिथे कुणीच सरस नाही. फोनवर मात्र बघता येतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं त्या दिवशी मी खडकवासला धरणाच्या विसर्गाच्या बातम्या फोनवरच बघत होते. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर फुकट थेट दिसतात, त्यामुळे फक्त बातम्यांसाठी केबल ठेवायची गरज उरलेली नाही.

विसर्जन मिरवणुकीचं तसंच. मानाच्या गणपतींची मिरवणूक बाबा वर्षानुवर्षं केबलवरच्या स्थानिक चॅनेलवर बघत आले, आता ती इंटरनेटवरही थेट दिसते. पण बाबा टीव्ही लावून ठेवतात, मध्ये जेवतात, डुलकी काढतात, पुन्हा बघतात. दिवसभर घरात कुणीतरी बोलत असल्यासारखा तो आवाज त्यांना हवा असतो. ॲप मध्येच ‘अजून बघताय का?’ असं विचारून थांबलं की ते खट्टू होतात.

माझं मत सांगायचं तर, घरात सगळे पन्नाशीच्या आतले असतील, ज्याचा त्याचा पडदा वेगळा असेल आणि ठरलेल्या वेळी कुणीच काही बघत नसेल, तर केबल काढा. दोन महिन्यांत सवय होते. घरात आई, आजी किंवा सासूबाई असतील, तर त्यांच्या खोलीतल्या टीव्हीला हात लावू नका. दुसऱ्या खोलीतला जादा बॉक्स परत करा, पॅक हलका करा, बचत तिथून होते. नेट घेणार असाल तर ५ एमबीपीएसच्या वेगातही एका टीव्हीवर स्वच्छ एचडी चित्र दिसतं. १०० चा महाग प्लॅन घरात पाच-सहा जण एकदम बघत असतील तरच घ्या.

तरीही मन होत नसेल तर केबलवाल्याला आधी कळवून जोडणी काही काळ तात्पुरती थांबवता येते, तशी तरतूद आहे. मालिकांचे दिवस चालू असतानाच थांबवा, सुट्टीत गावाला गेल्यावर नको, नाहीतर केबलवाचून अडतं का ते कळणार नाही. आणि बॉक्स माळ्यावर टाकू नका. आईचा आम्ही टाकला होता, आणायला शिडी लागली.