रिक्रिएशनल थेरपीची नोकरी: बेळगाव, पुणे, बेंगळूर की अमेरिका?

‘पुण्यात पगार जास्त’ हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना घरोघरी ऐकवलं जातं. खेळ, संगीत, हस्तकला यांतून रुग्णाला सावरण्याचं काम, म्हणजे रिक्रिएशनल थेरपी, करायचं असेल, तर ते अर्धंच खरं आहे.

आपल्याकडे पगार गावाआधी पदाच्या नावावर ठरतो. आरोग्यसेवेतल्या संलग्न पेशांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि मूव्हमेंट थेरपिस्टच्या जोडीला रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आहे. जाहिरात मात्र बहुधा ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रुग्णाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्याची) निघते, नाहीतर वृद्धाश्रमात ‘ॲक्टिव्हिटी कोऑर्डिनेटर’ची. काम पुष्कळसं सारखं, पगार नाही. म्हणून ऑक्युपेशनल थेरपीची पदवी घेता येत असेल तर आधी ती घ्या.

केंद्र सरकारच्या नोकरीत हिशेब स्वच्छ आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात लेव्हल ६, म्हणजे ३५,४०० रुपयांपासून, आणि ते सगळीकडे एकच. भत्त्यांसाठी सरकारने शहरांचे वर्ग पाडलेत: पुणे, बेंगळूर सगळ्यांत वरच्या ‘एक्स’ वर्गात, तिथे घरभाडे भत्ता ३० टक्के: १०,६२०. बेळगाव, कोल्हापूर त्याखालच्या ‘वाय’ वर्गात, तिथे २० टक्के: ७,०८०. प्रवास भत्ता मोठ्या शहरात ३,६००, इथे १,८००, त्यावर महागाई भत्ता वेगळा. सगळं धरून फरक सहा हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी पुण्यात खोली घेऊन डबा लावायचा? बेळगावात स्वतःच्या घरात राहिलात तरी घरभाडे भत्ता मिळतोच. अडचण एवढीच की अशी पदं इथे फार थोडी.

महाराष्ट्र सरकारच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी भाषिकांना रहिवासाच्या अटीत सवलत असते. तुमचं गाव त्या यादीत आहे का बघा आणि दाखला आधीच काढून ठेवा. येरवडा आणि रत्नागिरीची मनोरुग्णालयं त्याच सरकारची. कर्नाटकच्या भरतीत कन्नड लिहिता-वाचता आलं पाहिजे.

खासगीत आकडा बेंगळूरचा मोठा दिसतो, पण तिथे घरमालक कित्येक महिन्यांचं डिपॉझिट आधीच मागतो. शिवाय हे काम बोलण्याचं. विस्मरण झालेल्या आजींना जात्यावरच्या ओव्या आठवतात, भजनाला टाळ धरला की हात चालतो. तिथे पुण्यात तुमची मराठी पुरते, बेंगळुरात कन्नड लागतं. बेळगावात दोन्ही लागतात, आणि त्याचे जादा पैसे मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मागा. (आपल्याकडे मागायचीच लाज वाटते.)

अमेरिकेत रिक्रिएशनल थेरपी हा स्वतंत्र पेशा आहे. २०२३ मध्ये मध्यम वार्षिक पगार सुमारे ५७ हजार डॉलर होता. कॅलिफोर्निया वरच्या टोकाला, नर्सिंग होमपेक्षा सरकारी नोकरीत जास्त. पण डॉलरचे रुपये करून हुरळू नका. जिथे पगार मोठा, तिथे घरभाडंही तसंच. बहुतेक ठिकाणी सीटीआरएस हे रिक्रिएशनल थेरपिस्टचं व्यावसायिक प्रमाणपत्र मागतात, नॉर्थ कॅरोलिना, युटासारख्या मोजक्या राज्यांत परवानाही लागतो. इथली पदवी दाखवून ते आपोआप मिळत नाही.

घरचं घर असेल आणि केंद्राची जागा निघाली, तर मी बेळगावच धरेन. खासगीतच जायचं तर पहिली काही वर्षं पुणे. मुलाखतीत आधी नेमणूकपत्रावर पद काय लिहिणार ते विचारा, मग पीएफचं, आणि रविवारच्या सेशनचे पैसे वेगळे मिळतात का तेही.