जर्मनीत शिकताना रोजचा स्वयंपाक: चौघांचा एकत्र की ज्याचा त्याचा?

जर्मनीला मास्टर्सला निघालेली मुलंमुली मला हमखास विचारतात, तिकडे मित्रांबरोबर एकत्र स्वयंपाक करावा की आपलं आपण बघावं? कुकर किती लिटरचा न्यावा, मिक्सरला कुठला अडॅप्टर लागतो, हे आता सगळ्यांना माहीत असतं. खोलीचीही चौकशी झालेली असते. रोजच्या जेवणाची घडी मात्र तिथे पोचल्यावर, पहिल्या आठवड्यात, कागदपत्रांच्या धावपळीत कशीतरी बसते आणि मग तीच पुढे चालू राहते. म्हणून निघण्याआधी यावर थोडा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

मी आखनमध्ये शिकलो. चार खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर अशा फ्लॅटमध्ये आम्ही चौघं मराठी मुलं होतो. पहिलं सेमिस्टर ज्याचा त्याचा स्वयंपाक, त्यानंतर शेवटपर्यंत एकत्र. दोन्ही प्रकार जगून बघितलेत, त्या भरवशावर लिहितो आहे.

मेन्साबद्दल, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीबद्दल, एवढंच सांगतो की दुपारसाठी ती सोय चांगली आहे. विद्यार्थ्यांना सवलतीत जेवण मिळतं, शाकाहारी पदार्थही बहुतेक रोज असतो. पण रात्री आणि शनिवार-रविवारी बऱ्याच मेन्सा बंद असतात. त्यामुळे खरा प्रश्न रात्रीच्या जेवणाचा उरतो.

आपापल्या स्वयंपाकाचं सुख खरं आहे, ते मी नाकारणार नाही. लॅबमधून साडेनऊला आलात तर मुगाची खिचडी टाकायची आणि जेवायचं. कुणी ताटकळत नाही, कुणाला निरोप द्यावा लागत नाही. तिखट किती, तेल किती, हे आपल्या हातात. एकाला अंडंही चालत नाही आणि दुसऱ्याला रोज चिकन लागतं, असं असेल तर वेगळी चूल दोघांनाही बरी. शिवाय वेगळं रांधणाऱ्याला सगळंच शिकावं लागतं, हा फायदा सहसा कुणी सांगत नाही. आमच्यात सोलापूरच्या मित्राला पोळ्या छान जमायच्या. एकत्र सुरू झाल्यावर पोळ्या त्याच्याच गळ्यात पडल्या आणि नाशिककर मित्र शेवटपर्यंत पोळी लाटायला शिकला नाही.

तरीही वेगळ्या स्वयंपाकात वेळ कुठे जातो हे तिथली शेगडी पाहिल्याशिवाय कळत नाही. काचेचा सपाट ओटा, त्यावर चार गोल. चौघं माणसं, चार गोल, म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं. पण दोन गोल मोठे आणि दोन लहान असतात. मोठ्यावर पाच लिटरचा कुकर चढला की शेजारच्या गोलावर जेमतेम चहाचं पातेलं मावतं. जाळ दिसत नाही, काच सावकाश तापते आणि सावकाशच निवते. गोल बुडाची कढई तिच्यावर चालत नाही, घरून नेलेला खोलगट तवा डुगडुगतो. सपाट तवा नीट तापायलाच बराच वेळ लागतो. अशा तव्यावर चार जणांनी एकामागून एक आपापल्या तीन-तीन पोळ्या करायच्या म्हणजे संध्याकाळ संपते. त्याच तव्यावर एकाने लाटत आणि एकाने भाजत सगळ्यांच्या पोळ्या केल्या तर एका गप्पेत काम उरकतं. आणि दहानंतर शांततेचा नियम असतो. तेव्हा मिक्सर लावायचा नाही, कुकरच्या शिट्ट्याही नकोत. म्हणजे रांगेत शेवटी उभ्या असलेल्याच्या नशिबी ब्रेड-बटर.

हेही चाललं असतं. माणूस वेळा वाटून घेतो, सवय होते. मला जे शेवटपर्यंत झेपलं नाही ते फ्रीजचं.

आमचा फ्रीज ओट्याखाली बसणारा, कमरेएवढ्या उंचीचा होता. आत काचेचे तीन कप्पे, खाली भाजीचा एक खण, वर बर्फाची छोटी पेटी. तिघांना एकेक कप्पा आणि चौथ्याला भाजीचा खण, अशी वाटणी झाली. वेगळा स्वयंपाक म्हणजे त्या फ्रीजमध्ये सगळ्याच्या चार आवृत्त्या. चार दुधाची खोकी, चार दह्याचे डबे, चार अर्धे चिरलेले कांदे चार वाट्यांत, कागदात गुंडाळलेल्या कोथिंबिरीच्या चार जुड्या, आणि त्यांतल्या तीन तरी पिवळ्या पडलेल्या. फ्लॉवरचा अख्खा गड्डा एकट्याला तीन दिवस पुरतो. तो कप्प्यात ठेवला की दुसरं काही मावत नाही. उरलेली आमटी कुकरसकट आत जात नाही म्हणून डब्यात काढायची, डबा ठेवायला दुसऱ्याचं दही उचलायचं, ते दारात कोंबायचं, आणि रात्री कुणीतरी दार उघडलं की ते खाली. यावरून भांडणं झाली नाहीत, पण रोज रात्री त्या दाराशी उकिडवं बसून डबे इकडचे तिकडे करणं मला इतकं नकोसं झालं होतं की मी भूक नसल्याचं सांगून बिस्किटांवर भागवायला लागलो होतो.

याला जोडून रविवार येतो. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. ही नुसती रीत नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस, हे १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं कलम आजच्या राज्यघटनेतही कायम आहे. मोठ्या स्टेशनांवरची दुकानं आणि पेट्रोल पंप सोडले तर किराणा मिळत नाही. म्हणजे शनिवारी दोन दिवसांचं आणून ठेवायला हवं, आणि ठेवायला तर जागा नाही. आखनकरांना एक पळवाट आहे. शहराला लागूनच सीमेपलीकडे वाल्स हे डच गाव आहे, तिथली दुकानं रविवारी उघडी असतात. बसने जाऊन दूध-टोमॅटो घेऊन येता येतं. पण परीक्षेच्या दिवसांत टोमॅटोसाठी देश ओलांडायचा उत्साह कुणाला असतो? आणि जर्मनीतल्या बहुतेक शहरांना ही सोयही नाही.

एकत्र सुरू केलं त्या आठवड्यात फ्रीज रिकामा वाटायला लागला. दुधाची दोनच खोकी, दह्याची एक किलोची बादली, कोथिंबिरीची एक जुडी, आणि ती दोन दिवसांत संपायची. फ्लॉवर एका बैठकीत उडायचा, त्याला फ्रीजमध्ये मुक्कामच नाही. कप्पे माणसांप्रमाणे न ठेवता वस्तूंप्रमाणे लावले: वर शिजलेलं, मध्ये दूधदुभतं, खाली मळलेली कणीक आणि दुसऱ्या दिवशीची चिरलेली भाजी. शनिवारची खरेदी सोमवारपर्यंत बिनघोर राहायला लागली. आठवड्यातून तीन-चारदा दुकानात जाणं होतं ते एकावर आलं.

पाडव्याला आम्ही क्वार्कचं श्रीखंड केलं. क्वार्क म्हणजे जवळजवळ तयार चक्काच, पण त्यातही पाणी असतंच. डब्यावर ४० टक्के लिहिलेला, जरा स्निग्ध क्वार्क घ्यायचा, फडक्यात बांधून चाळणीत ठेवायचा, खाली पातेलं, वर वजनाला एखादा डबा, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी खाली वाटीभर पाणी जमलेलं असतं आणि फडक्यातला गोळा घट्ट, आंबटसर. साखर, वेलची आणि चिमूटभर केशर घालून घोटला की काही सांगायला नको. हे पातेलं-चाळणीचं बिऱ्हाड जुन्या वाटणीतल्या कुठल्या कप्प्यात ठेवलं असतं?

सामानाचंही तसंच आहे. भारतातून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात आणता येत नाही, म्हणजे घरचं तूप आणि पेढे घरीच. तुपाची जागा तिथलं बुटरश्माल्झ चांगली घेतं, त्याचा डबा चौघांत एक पुरतो. मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, तूरडाळीसाठी मात्र भारतीय किंवा आशियाई दुकान गाठावं लागतं. कणकेचं जरा अवघड आहे. तिथल्या पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून हे आकडे ठरतात, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ आपल्या मैद्याच्या जवळचं, १०५०च्या पोळ्या निवल्यावर चिवट होतात. शेवटी सगळे भारतीय दुकानातल्या दहा किलोच्या पिशवीवर येतात. ती पिशवी एकट्याने बसमधून आणायची, खोलीत ठेवायची आणि संपेपर्यंत पोरकिड्यांपासून जपायची, त्यापेक्षा चौघांत आणून लवकर संपवणं सोपं.

पैशांचा काटेकोर हिशेब मी दोन्ही काळांत ठेवलेला नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात (२०२४च्या सप्टेंबरपासूनचा आकडा), त्यातला मोठा वाटा भाडं आणि आरोग्यविमा खातो. हात आखडता घ्यायला उरतं ते जेवणच. एकत्र झाल्यावर महिनाअखेरीला खात्यात जरा जास्त शिल्लक दिसायची एवढं मी खात्रीने सांगेन. त्यात भाजी वाया न जाण्याचा वाटा किती आणि बाहेरचा डोनर कबाब कमी झाल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. वाटणीची भीती मात्र बाळगू नका. रेडिओ-टीव्हीचं १८.३६ युरोंचं मासिक शुल्क अशा सामायिक फ्लॅटमध्ये माणशी नसून घरामागे एकच असतं, ते तुम्ही खर्च वाटायच्या एखाद्या अॅपवर चौघांत वाटणारच असता. त्याच अॅपमध्ये किराणा घालायचा. डाळ, तांदूळ, पीठ, तेल, भाजी, दूध सामायिक. मांस-मासे, चीज, कोल्ड्रिंक आणि खाऊ ज्याचा त्याचा, हा आमचा नियम कधी मोडावा लागला नाही.

एकत्र स्वयंपाकाची कटकट वेगळी असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. जेवायला आहात की नाही हे चारपर्यंत ग्रुपवर कळवावं लागतं. ज्या दिवशी आपली पाळी असते नेमका त्याच दिवशी प्रयोगाला उशीर होतो. कोकणातल्या मित्राला सगळ्यात ओलं खोबरं हवं आणि सोलापूरकराला शेंगदाण्याचं कूट, त्यामुळे आमटीवरून रोज बोलणी. चतुर्थीला एकाचा उपवास, मग साबुदाणा भिजवायचं लक्षात ठेवा. रांधणाऱ्याने भांडी घासायची नाहीत हे पहिल्या दिवशी ठरवून टाका, नाहीतर ती सिंकमध्ये तशीच साठतात आणि मनात राहतात. अर्धवेळ नोकरी संध्याकाळच्या पाळीत असेल, किंवा प्रबंधासाठी रोज दुसऱ्या गावच्या कंपनीत जायचं असेल, तर एकत्राचा जाच वाटू शकतो. अशा मित्राला आम्ही पाळीतून सूट द्यायचो, बदल्यात शनिवारची खरेदी त्याच्याकडे. पण सगळ्यांच्याच वेळा अशा विस्कटलेल्या असतील तर वेगळंच बरं.

आणखी एक गोष्ट, फ्लॅटमधले सोबती आपल्या पसंतीचे मिळतीलच असं नाही. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर बरोबर जर्मन, तुर्की, चिनी कुणीही असू शकतं. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधला जर्मन मुलगा रात्री पाव, चीज आणि काकडी असं गार जेवायचा, शेगडीकडे फिरकायचाही नाही. अशा घरात वेगळा स्वयंपाक सहज जमतो, कारण संध्याकाळी शेगडी आपलीच. फ्रीजमध्ये मात्र त्याच्या चीजचाही कप्पा असतो, हे लक्षात ठेवा.

माझा कल कुठे आहे हे एव्हाना कळलं असेल. तरी पहिल्याच दिवशी शब्द देऊन बसू नका. सोमवार ते गुरुवार रात्रीचं एकत्र, शुक्रवार ते रविवार ज्याचं त्याने बघायचं, असं महिनाभर करून बघा. चौघांपैकी दोघांना जरी ते झेपलं नाही तर मोडायला सोपं जातं आणि मैत्रीत वाकडं येत नाही. वेगळंच करायचं ठरलं, तर खोलीत स्वतःचा छोटा फ्रीज ठेवायची परवानगी आहे का हे करारात पाहून घ्या, काही ठिकाणी ती नसते. आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवणारा खिडकीतला नजारा दाखवायला लागला की त्याला नम्रपणे म्हणा, आधी फ्रीज उघडून दाखवा, आणि आतले कप्पे मोजून घ्या.