तावडूला जायचं तर कोणती जुनी गाडी घ्यावी: बुलेट, येझदी की राजदूत?

आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाने यंदा हरियाणातल्या तावडूला जायचं ठरवलं आहे. तिथलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम 2013 साली सुरू झालं. पालख्या, छकडे, रेल्वेचा डबा, विमान असं सगळं तिथे आहे, पण आमचा जीव अडकला आहे तो दुचाक्यांमध्ये. बातमी पसरल्यापासून पांढरकवडा, वणीकडचे काही तरुण एकच विचारत आहेत: भाऊ, घरी जुनी गाडी नाही, आता घ्यायची तर कोणती घेऊ?

निघायचं फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तोवर कापसाचे वेचे बहुतेक आटोपलेले असतात, हरभरा सोंगायला थोडा अवकाश असतो आणि ग्वाल्हेर-आग्र्याकडचं धुकंही ओसरलेलं असतं. हिंगणघाटवरून जाणारा 44 नंबरचा महामार्गच सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर करत दिल्लीकडे जातो. नागपूरपासून धरले तरी हजार किलोमीटरच्या वर. समृद्धीचा इथे काही उपयोग नाही. तिकडे दुचाकीला बंदीच आहे.

पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला मी बुलेटच सांगतो. म्हणजे बिडाच्या इंजिनाची जुनी 350. तिच्यात 346 सीसीचा एकच मोठा सिलिंडर, 70 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि 90 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). लांब स्ट्रोकमुळे ती कमी फेऱ्यांतच ओढ देते, म्हणून मागे माणूस आणि सामान असलं तरी साठच्या वेगाने दिवसभर जाते. एन्फिल्ड इंडिया 1955 साली मद्रासला उभी राहिली आणि हे इंजिन थोड्याफार फरकाने 2010 च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. इतकी वर्षं एकच घडण टिकल्याने तालुक्याच्या गावीसुद्धा पॉइंट, कंडेन्सर, क्लच प्लेटा मिळतात आणि हात बसलेला मिस्त्रीही सापडतो. रस्त्यात बंद पडली तर सिवनीतही तिला ओळखणारा कुणी भेटेल, हा भरवसा मोठा आहे.

पण दोन गोष्टी आधी शिकून घ्या. एक किक. चावी लावायची, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारी छोटी दांडी) दाबून किक हळूहळू उतरवायची, अँपिअरचा काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग पूर्ण जोर द्यायचा. घाई केली तर उलटा झटका पोटरीला असा बसतो की दोन दिवस लंगडावं लागतं. दुसरं, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. हल्लीच्या गाडीवर वाढलेला पाय अडचणीच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबतो. म्हणून निघण्याआधी निदान महिनाभर रोज तीच गाडी चालवा, शेतातही तिच्यावरच जा. पांदणीतला चिखल मडगार्डमध्ये भरतो, तेही एकदा अनुभवलेलं बरं.

येझदीवर माझं मन जास्त आहे, हे लपवणार नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या घडणीवर गाड्या बनवल्या, पुढे त्याच येझदी झाल्या आणि 1996 साली कारखाना बंद पडला. 250 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर. गिअरची दांडीच आत दाबून फिरवली की किक होते, हे पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण थांबून विचारतो. बुलेटपेक्षा अंगाने हलकी, चढावर चपळ. आवाजाचं तर बोलायलाच नको.

त्रास आहे तो तेलाचा. या इंजिनाला वंगण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळतं. माप चुकलं, किंवा आमच्याकडच्या मे महिन्यात एकसारखी ताणली, की पिस्टन जाम होतो. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोलबरोबर तेलही तुटतं, म्हणून सिवनीअलीकडच्या कुरई घाटात उतरताना मधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा लागतो. हे सगळं हाताला आपोआप कळायला एक हंगाम जातो. शिवाय आता जावा-येझदी नावाने येणाऱ्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचे सुटे भाग जुन्याला लागत नाहीत. घरात काकांची, मामांची येझदी पडून असेल आणि मिस्त्री गावातलाच असेल, तर मात्र बुलेटचा विचारही करू नका. तीच उभी करा.

राजदूत विकत घेऊन तावडूला चालवत येऊ नका. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बनवलेली ही 175. गिअर तीन. दुधाचे कॅन, कापसाची गाठोडी, खताची पोती, काय नाही वाहिलं तिने! माझ्या वडिलांची आजही सुरू आहे आणि मी ती विकणार नाही. पण महामार्गावर मागून ट्रक चढत असताना तीन गिअर कमी पडतात. राजदूतवाल्यांनी गाडी नागपूरहून रेल्वेच्या पार्सलने हजरत निजामुद्दीनला पाठवावी. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची प्रत लागते आणि हँडल, टाकी गोणपाटाने बांधून द्यावी लागते. तिथून तावडूपर्यंत ती आनंदाने येईल. यामाहाची आरएक्स 100 सुंदर गाडी आहे, पण 98 सीसीच्या गाडीला आज जी किंमत मागतात ती मला पटत नाही.

गाडी कोणतीही घ्या, आधी कागद. मी स्वतः एकदा फसलो. गाडी चकाचक होती, चेसिस नंबरवर नव्या रंगाचा थर होता, मी तो खरवडून पाहिला नाही. खाली आकडे पुन्हा ठोकलेले निघाले. वर्ष गेलं, पैसे गेले, गाडी आजही गोठ्यात उभी आहे. कागद लावून वर पेन्सिल घासा, उमटलेला नंबर आरसीशी ताडून पाहा, मगच विसार द्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते, ती वाढवलेली आहे का तेही बघा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीचे 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. शेतात न्यायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं, जुनं रबर फुगवतं. पाइप आणि कार्बुरेटरचे रबरी भाग नवे टाका, गाडी उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल साठवू नका.

तावडूत पोचल्यावर नुसते फोटो काढू नका. टाकीवरची रेघ कुठून वळते, केबल कुठून जाते, बोल्टचं डोकं कसं आहे, हे वहीत काढून घ्या. आपल्याकडे रंगारी जे सांगेल तेच अस्सल मानलं जातं आणि म्हणून निम्म्या गाड्या चुकीच्या रंगात फिरतात.

नाव नोंदवण्याआधी जानेवारीत पांढरकवडा ते नागपूर आणि परत अशी एक फेरी मारा. घरी आल्यावर प्लग काढून बघा. काळा, ओला असेल तर मिस्त्रीकडे जा. विटकरी असेल तर आम्हाला कळवा.