फ्लाइंग स्कूल निवडताना मी खाल्लेली माती (आणि मग भेटलेल्या मॅडम)

विमानाचा आवाज आला की जेवण टाकून गच्चीत पळणारा मी, उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कंपाउंडला लोंबकळत लहानाचा मोठा झालेला. बारावी झाल्यावर कोल्हापुरातच एका हॉटेलात फ्लाइंग स्कूलचा सेमिनार होता तिथं गेलो, चहा-बिस्किट खाल्लं आणि अॅडव्हान्स भरूनच बाहेर आलो. स्कूलचं नाव घेत नाही, पण असला येडेपणा अजून कुणी करू नये म्हणून लिहितोय.

माहितीपत्रकात विमानं आठ. जाऊन बघतोय तर हँगरात पाच, त्यातल्या दोघांना प्रोपेलरच नाही, एकाचं टायर बसलेलं, उडणारी दोन आणि पोरं चाळीसच्या वर. त्यातलं एक 100 तासांच्या इन्स्पेक्शनला आत गेलं की कुणी कधी उडायचं त्याचा सगळा बोर्ड कोलमडायचा. सीपीएलला, म्हणजे पगारी पायलट व्हायच्या लायसन्सला, उडवायचे 200 तास लागतात, मला सात महिन्यांत झाले 31. पावसाळ्यात ढग खाली असतात, तो काय त्यांचा दोष नाही, पण फेब्रुवारीत आभाळ स्वच्छ असताना पण आम्ही रूमवर पत्ते कुटत बसलेलो. फी सगळी आधीच भरलेली, रिफंड मागितला तर म्हणे बघूया, अजून बघत्यातच.

इन्स्ट्रक्टर तीन बदलले. असिस्टंट इन्स्ट्रक्टर म्हणजे बऱ्याचदा आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरं, एअरलाइनचा कॉल आला की गेली. एक म्हणायचा नाक लवकर उचल, दुसरा म्हणायचा उशिरा, तिसऱ्याचा हात कायम कंट्रोलवर, म्हणजे लँडिंग मी केलं का त्यानं हेच कळायचं नाही. उतरला की मोबाईल काढून चालायला लागायचा. सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्यानं उडवणं, काय झाला नाही. आणि 200 पैकी 100 तास स्वतः कॅप्टन म्हणून उडवायचे असतात, मग सोलोच अडकला की पुढचं सगळंच अडकलं ना भावा.

शेवटी लॉगबुकवर, म्हणजे उडवलेल्या तासांच्या वहीवर, सह्या घेता घेता महिना घालवून दुसरीकडं गेलो. ह्यावेळी ऑफिसात आधी गेलोच नाही. सकाळी सहाला गेटसमोर टपरीवर बसलो आणि नुसतं मोजलं, दोन तासांत 11 टेकऑफ. मग टपरीवरच्या पोरांना विचारलं महिन्याला किती तास होतात, आणि त्यानंतर आत जाऊन हप्त्यानं फी घेणार असला तरच बोलूया म्हटलं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीचं सरकारी खातं, 2025 पासून स्कूलांना ग्रेड देतंय, ते बघाच, पण टपरी चुकवू नका.

मला मिळाल्या नागपूरकडच्या मॅडम. पहिल्या दिवशी उडवलंच नाही, तासभर विमानाभोवती फिरवलं. टाकीतनं थोडं पेट्रोल कपात काढलं, उन्हात धरलं, "सांग काय दिसते?" एव्हीगॅस, म्हणजे हे विमानाचं पेट्रोल, निळसर असतंय, तळाला पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचं. लँडिंगला माझी नजर कायम जवळच्या डांबरावर, तर ओरडल्या, "काहून खाली पाहून राहिला, रनवेच्या पार टोकाकडे पाह!" 31 तासांत कुणी सांगितलं नव्हतं हे. त्या दिवशी चाकं टेकलेली कळली पण नाहीत. रोज उतरल्यावर वीस मिनिटं फळ्यासमोर, चुकलेलं सगळं, कंटाळा येईपर्यंत. खडूस आहेत जरा, उशीर झाला तर त्या दिवशीचं फ्लाइंग कॅन्सल.

नऊ तासांनी एकदा तिसऱ्या लँडिंगनंतर म्हणाल्या थांबव, उतरल्या आणि दार लावून सरळ चालायला लागल्या. शेजारची सीट रिकामी, त्यामुळं वजन कमी, सेसना अशी उचलली की मीच दचकलो. नाद खुळा.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा मेसचा कापलाय, रस्सा म्हणून पिवळं पाणी देत्यात, कांदा-लसूण चटणी घरनं न्या.