विंडी: एकच नकाशा, वेगवेगळ्या नजरा

हवामानाचे अंदाज नकाशावर मांडणारी संकेतस्थळे आता बरीच झाली आहेत. त्यांपैकी २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकात सुरू झालेले ‘विंडी’ मला सर्वांत सरस वाटते. वाऱ्याच्या वाहत्या रेषा पाहताक्षणी मोहात पाडतात, पण त्याचे खरे बळ उंची बदलण्याच्या पट्टीत आहे. जुलैमध्ये ही पट्टी दीड हजार मीटरवर नेली, की सोमालियाच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्र ओलांडून कोकणावर आदळणारा जोरदार झोत डोळ्यांसमोर उभा राहतो. तेरा-चौदा किलोमीटरपर्यंत चढवली, तर वारे नेमके उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे धावताना दिसतात. मॉन्सूनचे हे दुपदरी रूप फळ्यावर बाण काढून शिकवणाऱ्या भूगोलाच्या शिक्षकांनी एकदा तरी वर्गात दाखवावे, इतके ते स्पष्ट आहे.

होडीवाल्याला लाटांची उंची, पॅराग्लायडिंग करणाऱ्याला वाऱ्याचे झोत, वैमानिकाला ढगांचा तळ: ज्याला जे हवे ते तो त्याच नकाशावर निवडतो. संस्थापक इव्हो लुकाचोविच स्वतः वैमानिक आहेत, आणि ते मांडणीत जाणवते.

पावसाच्या बाबतीत मात्र हीच देखणी मांडणी दिशाभूल करू शकते. येथे दिसणाऱ्या युरोपीय मॉडेलची, म्हणजे संगणकावर अंदाज काढणाऱ्या गणिती प्रारूपाची, जाळी सुमारे ९ किलोमीटरांची आहे; म्हणजे तेवढ्या बाजूच्या प्रत्येक चौकोनाला ते एकच आकडा देते. महाबळेश्वर आणि पाचगणी यांत जेमतेम २० किलोमीटर अंतर असूनही पाऊस कित्येक पटींनी बदलतो. म्हणजे घाटमाथ्यापासून पर्जन्यछायेपर्यंतचा सगळा उतार दोन-तीन चौकोनांत बसवावा लागतो. नकाशावर मात्र रंग सलग मिसळलेले दिसतात आणि पाहणाऱ्याला आपल्या शिवारापुरता नेमका अंदाज मिळाल्यासारखे वाटते. काढलेले सोयाबीन झाकावे की नाही, हे ठरवणाऱ्या शेतकऱ्याला अंदाज किती खात्रीचा आहे, हे आधी कळायला हवे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचा जिल्हानिहाय चार रंगांचा नकाशा दिसायला साधा असला, तरी नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा, हे तो थेट सांगतो.

‘विंडी’वर एका ठिकाणासाठी वेगवेगळ्या मॉडेलांचे अंदाज शेजारी-शेजारी लावून पाहण्याची उत्तम सोय आहे, तीत मॉडेलांचे एकमत आहे की नाही, ते लगेच उमगते. पण ही सोय ठिकाणावर टिचकी मारल्यानंतरच सापडते. पाऊस निवडल्यावर मॉडेलांमधली ही तफावत नकाशावरच दाखवली जावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.